वाघजाईपुढचे डोळे

वाडी, उरवडे
११ एप्रिल १९६५

कोंडाजी,

आशीर्वाद. आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या रत्नीलाही आशीर्वाद. पोरी, तुझ्या बापानं मध्येच 'पुरे' म्हटलं तरी शेवटपर्यंत वाच. मी त्याचा थोरला भाऊ आहे, एवढं तरी माझं चालावं.

तुम्ही खडकीला गेलात त्याला दोन वर्षं झाली. मी चार पत्रं घातली, एकाचं उत्तर नाही. आंबेमोहोर पाठवला तो पोचल्याचं एस.टी.च्या कंडक्टरकडून कळलं. म्हणजे तांदूळ चालतो, भाऊ चालत नाही. असो.

परवा पौडच्या बाजारात अन्वरभाईंच्या दुकानात धोतरजोडी घेत होतो. ते म्हणाले, "पाटील, तुमच्या भावाचा अर्ज हायकोर्टानं दाखल करून घेतला, ऐकलंत ना?" त्यांचा सिराज तुझा वकील, हे मला तिथं कळलं. मी 'हो हो' म्हटलं आणि धोतर न घेताच घरी आलो. अरे, पाटलाचा भाऊ सरकारवर कोर्टात जातो आणि पाटलाला ते कापडाच्या दुकानात कळतं?

मी पाटील माणूस. आधी हकीकत मांडल्याशिवाय मला मुद्द्यावर येता येत नाही. तू चौदा वर्षं पलटणीत काढलीस. डोंगरात रस्ता फोडताना सुरुंग अवेळी उडाला, तोंडावर खडीचा मारा बसला, आणि वर्षभरात तुझे दोन्ही डोळे गेले. एकसष्ट साली तुला घरी पाठवलं. अपंगाची पेन्शन मिळणार असं सगळे म्हणत होते. पेन्शनच्या कचेरीनं कळवलं की, हे डोळे नोकरीमुळं गेलेले नाहीत, भरतीच्या आधीपासून अधू होते, सबब पेन्शन देता येत नाही. तू वर अपील केलंस, तेही फेटाळलं. इथवर मला ठाऊक आहे.

आता माझा मुद्दा. सोडून दे. सरकारनं एकदा लिहिलं ते लिहिलं. कोर्टात गेलं की जुने कागद उपसले जातात, नको ते वर येतं, आणि हाती काय लागेल ते कोणी सांगावं? तू तिथं खुर्च्या विणतोस म्हणे. रंभाबाई लोकांची धुणी धुते. रत्नीची शाळा सातवीतच सुटली, कारण तुला धरून न्यायला कोणी हवं. हे ऐकून मला काय वाटत असेल याचा विचार तू केलास का? घर आहे, दोन खोल्या तुझ्या आहेत, कुलूप लावून ठेवल्या आहेत. ये.

तू निघालास त्याच्या आदल्या दिवशी मी जे बोललो ते रागात बोललो. ते आता उगाळत नाही.

माझा खोकला तसाच आहे. चिलीम सुटलेली नाही. रागवायला तू इथं नाहीस.

तुझा दादा,
हैबतराव


वाडी, उरवडे
२ ऑगस्ट १९६५

कोंडाजी,

रत्नीचं कार्ड आलं. एकच ओळ. "आबा, ही सही तुमची आहे का?"

रत्ने, असलं काही लिहायचं तर पाकिटात लिहावं गं. कार्ड वाटेत चारचौघं वाचतात. आपला पोष्टमन वाल्मीक तर उंबऱ्यात उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत होता.

तर, सही माझी आहे. सरकारनं कोर्टात उत्तर दिलं, त्याला जोडलेला जबाब माझाच आहे. पाटलाच्या सह्या शंभर कागदांवर असतात. सरकारनं विचारलं तर पाटलानं सांगायचं नाही तर कोणी सांगायचं?

काय झालं ते नीट ऐक. बासष्ट सालच्या दिवाळीनंतर पौडहून कारकून आले. पेन्शनच्या कचेरीनं पुसलं होतं की, या शिपायाचे डोळे भरतीच्या आधी कसे होते. त्या वेळी चावडीची कौलं उतरवलेली, म्हणून त्यांना वाघजाईच्या देवळात बसवलं. तू त्या दिवशी रंभाबाईच्या माहेरी होतास. चहा येईपर्यंत कारकून देवीपुढं टांगलेल्या वस्तू बघत राहिले. तुला माहीतच आहे, कोणाचा पाय बरा झाला की चांदीचा पाय, मूल झालं की पाळणा. त्यात ते चांदीचे डोळे. त्यांनी उलटून बघितले. मागं कोरलेलं आहे, 'कोंडाजी साबाजी, सन १९४६'.

त्यांनी विचारलं, "हे कोंडाजी म्हणजे आपलेच का?"

नथू गुरव म्हणाला, "व्हय जी, त्येच. पल्टणीतलं."

"भरती कधी झाले?"

"सत्तेचाळीसला," मी म्हणालो.

"म्हणजे भरतीच्या आधी डोळ्यांचा नवस. काय झालं होतं?"

"देवी आल्या व्हत्या," मीच म्हणालो.

"यांना?"

"व्हय."

यात एक शब्द खोटा असेल तर दाखव. तुला देवी आल्याच होत्या. तुझ्या गालावरचे चार वण काय मी काढले? नवस डोळ्यांचाच होता. नाव तुझंच आहे. कारकुनानं जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं. त्याचा अर्थ त्यानं काय लावला, तो त्याचा प्रश्न.

इथं सगळं ठीक आहे. तुझी वहिनी सारजा रोज विचारते, कार्ड कसलं आलं म्हणून.

हैबतराव


वाडी, उरवडे
१९ सप्टेंबर १९६५

कोंडाजी,

मागचं पत्र फाडून टाक. टाकलं असशील तर बरंच झालं.

मी गेल्या सोमवारी पुण्याला सिराज वकिलांकडं गेलो होतो. कशाला, ते आधी सांगतो, म्हणजे मी किती पाण्यात आहे ते तुला कळेल. माझं नाव त्या कागदांतून काढता येतं का, हे विचारायला गेलो होतो.

वकिलांनी चहा मागवला आणि तुझा अर्ज मला वाचून दाखवला. त्यात त्यांनी लिहिलंय की देवीचे डोळे अर्जदाराच्या आजारासाठी वाहिलेले नव्हते. कोणाच्या आजारासाठी, ते लिहिलेलंच नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो. ते म्हणाले, "मी कोंडाजींना दोनदा विचारलं. म्हटलं, ते नाव दिलंत तर खटला सोपा जाईल. ते म्हणाले, 'घरातलं हाय वकीलसाहेब. ऱ्हाऊ द्या. त्याची पाटीलकी जाईल.'"

कोंडाजी, मला तिथं बसवेना. चहा तसाच टाकून उठलो. शनिवारवाड्यापर्यंत चालत गेलो आणि कोणत्या गाडीत बसायचं तेच आठवेना.

आता लिहितो ते रत्नीसाठी लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे. पोरी, इथं जरा थांब, बापाला पाणी दे, तूही पी.

ते डोळे माझ्यासाठी वाहिलेले आहेत.

शेहेचाळीस साली वाडीत देवीची साथ आली. तुझ्या बापाला हलक्या आल्या, आठ दिवसांत तो उठला. मला डोळ्यांत उतरल्या. बारा दिवस पापण्या चिकटून राहिल्या. तुझी आजी तुळजाबाई रडून रडून थकली. तेव्हा तुझा बाप वाघजाईपुढं जाऊन म्हणाला, "दोन न्हाई तर येक तरी डोळा ठेव माझ्या दादाचा. चांदीचे डोळे वाहीन." माझा डावा गेला, उजवा राहिला. घरात चांदी कुठली असणार? पौडच्या आखाड्यात कुस्ती मारून त्यानं एक चांदीचं कडं मिळवलं होतं. हातातून कधी काढत नव्हता, निजतानासुद्धा नाही. ते सोनाराकडं नेऊन त्यानं वितळवलं आणि त्याचे डोळे करून घेतले.

आता नावाचं. वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल की वाहिलेल्या वस्तूवर नाव असतं ते नवस फेडणाऱ्याचं. ज्याच्यासाठी वाहिलं त्याचं नाव आपल्यात कोरत नाहीत. ते देवीला ठाऊक असतं, असं आई म्हणायची. धोंडाबाईनं नातवासाठी वाहिलेल्या पाळण्यावर धोंडाबाईचं नाव आहे, म्हणून काय म्हातारी पाळण्यात निजत होती? पण तो कारकून शहरात वाढलेला. त्यानं नाव वाचलं आणि आजारी तोच असं धरून चालला. त्याची चूक मला तिथल्या तिथं कळली. नथूला पण कळली. त्यानं तोंड उघडलं होतं. मी त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानं मिटलं.

का बघितलं, ते सांगतो. त्याच साली पाटलांची वतनं जाणार आणि पाटील नव्यानं नेमणार, असं चाललं होतं. अंगानं धडधाकट असल्याचा डॉक्टरचा दाखला लागणार होता. माझ्या डाव्या डोळ्यात बारीक फूल आहे. फेटा तिरका बांधून मी ते सोळा वर्षं झाकलं. म्हाताऱ्या माणसांना माहीत होतं, ती बहुतेक एकेक करून गेली. आणि हा पौडचा कारकून माझ्यासमोर बसलेला, ज्याच्या कचेरीतून माझी नेमणूक व्हायची! त्याला मी काय सांगू, की साहेब, हे डोळे माझे, माझा एक आंधळा आहे? आपल्या घरात पाच पिढ्या पाटीलकी. मी गप्प बसलो. मनात म्हटलं, एवढ्याशा चांदीवरून कोण कोणाची पेन्शन अडवतंय.

पुढं डॉक्टरपुढं गेलो तेव्हा काय केलं, तेही सांगून टाकतो. त्यानं एकेक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मी दोन्ही वेळेला डावाच झाकला, फक्त हात बदलला. डॉक्टर त्या वेळी कंपौंडरवर ओरडत होता. मला दाखला मिळाला. घरी येऊन सारजाला ती गंमत म्हणून सांगितली. ती हसली नाही.

कोंडाजी, तुला नकार आला तो दिवस मला अजून दिसतो. पोष्टमननं लिफाफा दिला, तो मीच तुला वाचून दाखवला. 'स्थानिक चौकशीत आढळून आले' हे शब्द मी वाचताना गाळले. तुला ते दिसणार नव्हते. त्यानंतर तू घरात चाचपडत फिरायचास आणि मला तुझ्याकडं बघवेना. माणसाला आपलीच लाज वाटायला लागली की तो दुसऱ्यावर खेकसतो, हे मला फार उशिरा कळलं. एक दिवस तू म्हणालास, "दादा, वर काय लिवलंय ते परत वाच की, कुटंतरी चूक असंल." आणि मी म्हणालो, "आंधळ्याला बसून खायला दोन भाकरी हायेत घरात. कशाला ती पेन्शन?" दुसऱ्या दिवशी तू गेलास. भाकरीवरून गेलास असं मी वाडीभर सांगत सुटलो.

तू देवीकडून मागून घेतलेल्या डोळ्यानं मी त्या कागदावरची जागा बघितली, आणि सही केली.

पत्र घातलं की उद्याच्या गाडीनं पुन्हा पुण्याला जातो. वकिलांना सांगून माझं प्रतिज्ञापत्र करून देतो.

हैबतराव


वाडी, उरवडे
२६ सप्टेंबर १९६५

कोंडाजी,

सिराज वकील म्हणाले, आत्ता प्रतिज्ञापत्राचा उपयोग नाही.

मी म्हटलं, खरं सांगायला आलोय, त्याचा उपयोग नाही म्हणजे काय?

ते म्हणाले, "पाटील, हायकोर्ट डोळे तपासायला बसलेलं नाही. कोंडाजींचे डोळे कशानं गेले, हे ठरवायचं काम कचेरीचं. कचेरीनं ते रीतीनं ठरवलं का, एवढंच कोर्ट बघतं. जो कागद कचेरीपुढं कधी आलाच नाही, तो घेऊन कोर्ट निकाल फिरवणार नाही. आपलं म्हणणं साधं आहे. तुमचा जबाब कोंडाजींना दाखवला नाही, त्यांचं ऐकलं नाही. कोर्टानं प्रकरण परत पाठवलं की नव्यानं चौकशी होईल. तेव्हा बोला. आज लिहून ठेवलंत आणि त्या दिवशी बोलला नाहीत, तर काही उपयोग नाही."

एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. हे ऐकून मला हायसं वाटलं. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो, आणि अजून काही महिने सांगायला नको म्हटल्यावर जिना दोन-दोन पायऱ्या उतरलो. खाली आल्यावर माझं मलाच ओशाळं वाटलं. पण आधी आनंद झाला, हे खरं आहे.

हैबतराव


वाडी, उरवडे
८ ऑक्टोबर १९६६

कोंडाजी,

वर्षभर मी लिहिलं नाही. काय लिहिणार? भात कापलं, भात झोडलं. रोज वाटायचं आज निकाल लागेल, आणि नाही लागला की बरं वाटायचं.

काल अन्वरभाईंनी माणूस पाठवला. तू जिंकलास म्हणे. मी तसाच पुण्याला गेलो. वकिलांनी निकालाचा अर्थ सांगितला. रत्नी तिकडं वाचेलच, पण मला जसा समजला तसा लिहितो. पेन्शन द्या, असं कोर्टानं म्हटलेलं नाही. कोर्ट म्हणालं, डोळे कशानं गेले हे आम्ही सांगत नाही. पण सुरुंगाच्या जखमेचा पलटणीतला कागद कचेरीनं विचारात घेतल्याचं दिसत नाही. देवळातल्या एका वस्तूवर आणि एका जबाबावर निकाल दिला, आणि तो जबाब ज्याच्या विरुद्ध वापरला त्याला दाखवलाही नाही. आंधळ्या माणसाला निदान वाचून दाखवायचा होता. असला निकाल टिकत नाही. तो रद्द. पुन्हा चौकशी करा, अर्जदाराचं ऐका, आणि मग ठरवा.

वाचून दाखवायचा होता. हे वाक्य वकिलांनी साधेपणानं वाचलं. मला मात्र तो लिफाफा आठवला, आणि गाळलेले शब्द.

म्हणजे आता कारकून पुन्हा येणार. घरी येऊन सारजाला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. वर न बघता म्हणाली, "आता तरी त्वांड उघडा. न्हाईतर ऱ्हायलेला डोळाबी दिऊन टाका देवीला, काय कामाचा त्यो?"

तीस वर्षांत ती मला असं बोललेली नाही.

हैबतराव


वाडी, उरवडे
२२ जानेवारी १९६७

कोंडाजी,

काल झालं.

नवे कारकून होते, तरणे, चष्मेवाले. मीच म्हणालो, चावडीत नको, देवळात बसू. वाडीतली पंचवीस-तीस माणसं जमली होती. पाटलाच्या घरातलं प्रकरण म्हटल्यावर कोण घरी बसतो? पहिल्या रांगेत भैरू, ज्याला माझी जागा हवी आहे हे वाडीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

नथूनं डोळे काढून कारकुनापुढं ठेवले. जुना जबाब वाचला गेला. मग कारकून म्हणाले, "यात काही बदल सांगायचाय?"

नथू माझ्याकडं बघत होता. त्या वेळी बघत होता तसाच. मी म्हणालो, "सायेब, नाव माझ्या भावाचं हाय, पण आजार माझा व्हता. आमच्यात नवस फेडल त्येचं नाव घालत्यात. ह्ये मला त्या दिशी ठावं व्हतं आन् मी बोललो न्हाई."

कारकून म्हणाले, "आजार तुमचा, याला पुरावा?"

मी फेटा काढला. उजव्या डोळ्यावर तळवा घट्ट दाबला. या वेळी डोळा बदलला, हात नाही. "दावा बोटं," मी म्हणालो.

"किती आहेत?"

"न्हाई दिसत."

"हात तरी दिसतो का?"

"न्हाई. तुमीबी दिसत न्हाई."

मागून कोणीतरी हसलं, मग बंद झालं. कारकुनांनी दोन-तीनदा करून बघितलं. नथूनं आणि म्हाताऱ्या धोंडाबाईनं तू नवस बोललास तेव्हाचं सगळं सांगितलं, कुस्तीच्या कड्यासकट. सगळं लिहून झाल्यावर कारकुनांनी पेन खाली ठेवलं आणि हळू म्हणाले, "पाटील, याचा तुमच्या नेमणुकीवर परिणाम होईल. कळतंय ना?"

"कळतंय. म्हनून तर चार वर्सं लागली," मी म्हणालो.

सही करण्याआधी मी त्यांना तो जबाब सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावला. एकही शब्द गाळू नका म्हटलं.

तुझं म्हणणं पुण्यात घेणार आहेत असं वकील म्हणाले. तिथं आता माझी पाटीलकी सांभाळू नकोस. सांभाळण्यासारखं काही राहिलं नाही.

हैबतराव


वाडी, उरवडे
२७ एप्रिल १९६७

कोंडाजी,

तुझी पेन्शन मंजूर झाली, हे वाडीला माझ्याआधी कळलं. चांगलं झालं. रत्नीला शाळेत घालणार आहेस असंही कळलं. फार चांगलं झालं. माझी काठी आणि बिल्ला मी गेल्या महिन्यात पौडला जमा केला. भैरूची नेमणूक झाली. तो मला अजून चुकून 'पाटील' म्हणतो आणि मग दोघंही दुसरीकडं बघतो.

हे पत्र मात्र परवाच्या मंगळवारबद्दल आहे.

तू वाडीत येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी देवळात बसलो होतो, हल्ली दुपारचा तिथंच असतो. एस.टी.चा आवाज आला, मग रत्नीचा. "बाबा, पायरी आहे." मी उठलो आणि खांबाआड गेलो. विचार करून गेलो नाही. पायच गेले.

तू तुझी काठी बाहेर ठेवलीस. नारळ दिलास. म्हणालास, "नथू, डोळे दे रं हातात." त्यानं दिले. तू ते उलटे केलेस आणि मागच्या नावावरून अंगठा फिरवलास, दोनदा, सावकाश. तुझे केस एवढे पांढरे झालेत हे मला माहीत नव्हतं. पाच हातांवर तू होतास. चार वर्षं तुझी वाट बघितली आणि मी श्वास धरून उभा होतो, खोकला येऊ नये म्हणून.

मग तू विचारलंस, "दादा हाय का रं हितं?"

नथूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"न्हाई जी," नथू म्हणाला, "उरवड्याला गेल्यात."

कोंडाजी, मी पंचवीस-तीस माणसांपुढं फेटा काढला, सरकारी कागदावर खरं लिहून दिलं, पाटीलकी सोडली. मला वाटलं होतं, झालं, फिटलं. आणि तू माझं नाव घेतल्याबरोबर मी पुन्हा तेच केलं. त्याच देवळात. त्याच नथूला गप्प करून.

रत्ने, तू मला बघितलंस. तुझी नि माझी नजरानजर झाली. तू बापाचा हात धरून उभी राहिलीस आणि काही बोलली नाहीस. माझी लाज राखलीस ते समजलं. पण पोरी, हे गप्प बसणं आमच्या घरातलं आहे, ते तू घेऊ नकोस. पुन्हा कधी असं झालं तर बोट दाखव आणि सांग, हा काय इथं उभा आहे.

तू बाहेर निघालास. खांबापाशी आलास आणि थांबलास. तू हात लांब केला असतास तर मला लागला असता. तू नाक जरासं वर केलंस आणि मागं न वळता म्हणालास, "नथू, ह्या खांबाची चिलीम अजून सुटली न्हाई व्हय?"

आणि गेलास. एस.टी. वळेपर्यंत मी तिथंच होतो. नथूनं चांदीचे डोळे पुसले आणि जागेवर टांगले.

मी होतो, कोंडाजी. रत्नी, हे त्याला दोनदा वाचून दाखव. मी होतो.

येत्या रविवारी पहिल्या गाडीनं खडकीला येतो. सारजा बरोबर यायचं म्हणत होती, तिला नको म्हटलं, ती माझ्याऐवजी बोलेल. चिलीम नथूपाशी ठेवून निघणार आहे, कपडेही धुतलेले घालीन. म्हणजे दाराशी कोण आलंय ते तुला वासावरून कळायचं नाही. मी आपण होऊन बोलेपर्यंत कळायचं नाही.

मी बोलेन.

तुझा दादा,
हैबतराव